जुना पंप परत

कोल्हार
१९ जानेवारी २०२५

प्रिय महमूद मामू,

सलाम. अम्मी म्हणते, मामूला फोन कर. पण फोनवर तुम्ही "कोण? कोण?" विचारता, मी "तौफिक, तौफिक" ओरडतो आणि आमच्या गल्लीतले बाकीचे तौफिक दारात येऊन उभे राहतात. म्हणून लिहितो आहे. पत्र वाल्मिकच्या टेम्पोने येईल. तो कोल्हारची अंडी नगरला नेतो आणि रिकामे ट्रे घेऊन परततो. उत्तर त्याच्याकडेच द्यावे. कागदाला डाग असला तर तो अंड्याचा समजावा.

काम असे आहे. मी दिवाळीत घेतलेली गाडी तुम्हाला माहीत आहे. दोन हजार चार सालची, सात सीटची, जिच्यातून मी लोणीच्या दवाखान्यात पेशंट नेतो-आणतो. ती सरळ रस्त्याला शहाण्यासारखी चालते, पण स्टेअरिंग वळवले की ओरडते. आवाज कागदावर उतरवणे अवघड आहे. मी बरेच प्रयत्न केले, त्यातल्या त्यात "कुंई" जवळचा वाटतो. सुरुवातीला तो ऱ्हस्व असतो, स्टेअरिंग पूर्ण वळले की दीर्घ होतो. वळवायलाही जड जाते आहे.

गॅरेजवाला गोरक्षनाथ म्हणतो, "तेल कमी झालंय, ब्रेक ऑईल वत. तेल ते तेल." लोणीचा दुकानदार हिरवी बाटली घे म्हणतो. मोबाईलवर एकजण लाल तेल दाखवतो, आणि त्याच्याच खाली दुसऱ्याने लिहिले आहे की लाल टाकाल तर पस्तावाल. तेलाच्या डब्याच्या झाकणावर कोणते तेल टाकायचे ते छापलेले असते म्हणे, पण माझ्या झाकणावरची अक्षरे आधीच्या मालकाच्या अंगठ्याने पुसली गेली आहेत. त्यामुळे मी अजून काहीच टाकलेले नाही. रोज सकाळी झाकण उघडतो, बघतो आणि परत लावतो.

पावर स्टेअरिंगचा पंपच बदलायचा झाला तर तुमच्या दुकानातून कोणता घ्यावा, तेही कळवावे. नवा, जुना की दुरुस्त केलेला? मला झोप लागत नाही.

सगळ्यात मोठा आवाज चिंचेच्या वळणावर होतो. तिथे गाडी जवळजवळ उभी करून वळवावी लागते. त्या वळणावरच्या घरात वरच्या मजल्यावर गणिताचा क्लास चालतो आणि "क्लास चालू आहे, हॉर्न वाजवू नये" अशी पाटी लावली आहे. मी हॉर्न कधीही वाजवत नाही. पण स्टेअरिंगला पाटी वाचता येत नाही. त्या घरातला अझहर परवा चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत म्हणाला, "तौफ्या, ह्या गाडीतून नवरी आणू नको बरं का. वळणावर गाडी रडंल आन लोक म्हनतील नवरीच रडायली." सगळे हसले. मीही हसलो, पण चहा तसाच ठेवून आलो. त्या घरच्या लोकांना माझ्या गाडीचा त्रास होऊ नये, एवढीच इच्छा आहे.

तुमचा भाचा,
तौफिक


अहिल्यानगर, म्हणजे आपलं नगर
२२ जानेवारी

तौफिक बेटा,

सलाम आणि दुवा. तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा कामासाठी, एकदा अक्षरासाठी आणि एकदा हसण्यासाठी. शाळेने तुला दहावीत अडकवलं खरं, पण शुद्धलेखनात अडकवायची कुणाची ताकद नाही.

आधी काम. ब्रेक ऑईल अजिबात टाकायचं नाही. गोरक्षनाथला सांग, मामूने सलाम कळवलाय आणि तेल ते तेल असेल तर उद्यापासून भजी ब्रेक ऑईलमध्ये तळ. ब्रेक ऑईलने पंपातले आणि पाईपातले रबरी सील फुगतात, मऊ पडतात आणि मग सगळीकडून गळायला लागतं. हिरवी बाटली वाईट नाही, पण ती दुसऱ्या जातीच्या पंपाची. तुझ्या त्या सालच्या गाडीला लाल तेल लागतं, गिअरबॉक्सात वापरतात तसलं. तरी माझ्या शब्दावर जाऊ नको. गाडीसोबतचं पुस्तक आधीच्या मालकाकडून मागव आणि खात्री कर. लाल आणि हिरवं एकत्र तर कधीच करू नकोस.

आता तुझ्या डब्यातल्या तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाक. रंग आणि वास कळव. फेस येतो का, तेही बघ.

आवाजाचं म्हणशील तर ऱ्हस्व-दीर्घ वाचून मला पंप दिसत नाही. चाळीस वर्षं इंजिनांच्या तोंडाशी बसून माझे कान गेले, पण दात शाबूत आहेत. तू असं कर. लांब स्क्रूड्रायव्हर घे, टोक पंपाच्या अंगावर टेकव आणि मूठ दातात धर. दुसऱ्या कुणाला स्टेअरिंग फिरवायला सांग. इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यापासून हात आणि शर्टाची बाही लांब ठेव. खरखर दातातून कवटीत आली तर पंप झिजला. नुसता बुडबुड्यांसारखा थरथराट असेल तर कुठूनतरी हवा ओढतोय. मी गेली कित्येक वर्षं गाड्या अशाच चावून ऐकतो.

पंपाची मापं पाठव. पुलीला खाच कशी आहे, पाईपाचं तोंड कुठल्या बाजूला आहे, बोल्ट किती अंतरावर. मापाशिवाय पंप पाठवणं म्हणजे न बघता जावई करून घेणं.

जावयावरून आठवलं. अख्ख्या पत्रात तुला तेलाची काळजी एकदा आणि त्या वळणावरच्या घराची काळजी चारदा वाटली आहे. तिथे अझहर राहतो हे कळलं. अजून कोण राहतं?

तुझा,
मामू


कोल्हार
२६ जानेवारी

प्रिय मामू,

सलाम. सगळे सांगितल्याप्रमाणे केले.

थेंब कागदावर टाकला. तो तपकिरी, जवळजवळ काळा आहे. वास जळक्या शेंगदाण्यांसारखा. गाडी चालू असताना डब्यात फेस येतो, ऊस चरकातून काढल्यावर रसावर येतो तसा. पुस्तक मिळाले. त्यात लाल तेलच लिहिले आहे. मी ते पान दोनदा वाचले आणि अम्मीकडूनही वाचून घेतले.

स्क्रूड्रायव्हर दातात धरला. अम्मीने स्टेअरिंग फिरवले. खरखर तर आलीच, पण ती दाढेतून डोळ्यांपर्यंत गेली. थरथराटही आहे. म्हणजे दोन्ही. खालचा ओठ काळा झाला तो अजून निघत नाही. आणि मामू, नेमके त्याच वेळी वळणावरच्या घरचे, अझहरचे अब्बा नमाजहून परतत होते. बॉनेट उघडे, मी आत वाकलेलो, तोंडात स्क्रूड्रायव्हर, आत बसलेली अम्मी डावीकडे-उजवीकडे स्टेअरिंग फिरवते आहे आणि "आता ऐकू आलं का?" विचारते आहे. ते थांबले. त्यांनी बराच वेळ बघितले. मी तोंडातून न काढताच सलाम केला. ते म्हणाले, "जेवण झालं नाही वाटतं," आणि गेले.

मापे अशी. पुलीला जाड पट्ट्याची एकच खोल खाच आहे, बारीक धारा नाहीत. पाईपाचे तोंड इंजिनाकडे आहे, बॅटरीकडे नाही. बोल्टांची अंतरे दोऱ्याने मोजून कंपासच्या पट्टीवर ठेवली आणि मागच्या बाजूला चित्र काढले आहे. चित्र खऱ्या मापाचे आहे. कृपया त्यावर चहाचा कप ठेवू नये.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. खोटे लिहिता येत नाही, म्हणून खरेच लिहितो. तो गणिताचा क्लास कैनात घेते. अझहरची बहीण. बी.एस्सी. आहे. अम्मीने माझे स्थळ त्यांच्या घरी नेले आहे. त्यांनी सांगितले, "रमजानच्या आधी उत्तर देतो." तोपर्यंत त्यांच्या दारात उभे राहायचे नाही, अशी अम्मीची ताकीद आहे. मी उभा राहत नाही. फक्त तिथून जातो, कारण लोणीचा रस्ताच तो आहे. (दुसराही एक आहे, पण तो लांबचा पडतो.)

मी वर बघत नाही. पण आरशात दिसते. मी वळलो की ती दर वेळी गॅलरीत येऊन डस्टर झटकते. सकाळी जाताना आणि दुपारी येतानाही. गणितात फळा फार पुसावा लागतो, असे दिसते.

तुम्हीच सांगा, ती बी.एस्सी., मी दहावी नापास आणि वर माझी गाडी रोज तिच्या दाराशी येऊन रडते. माझ्या शिक्षणाचे आता काही करता येणार नाही. पंपाचे येईल. उत्तर यायच्या आत ही गाडी गप्प झाली पाहिजे, मामू. ते घर "नको" म्हणेल तर ते निदान या आवाजामुळे तरी म्हणू नये.

तुमचा,
तौफिक


नगर
३० जानेवारी

बेटा तौफिक,

वा रे पठ्ठ्या! मामूला आधी तेलाची बाटली दाखवलीस आणि मागून सगळी गाडीच बाहेर काढलीस. तुझ्या मामीला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "शरिफाच्या पोराचा ओठ काळा झाला असेल तर त्याला तूप लावायला सांगा, असा जाऊ नको म्हणावं त्यांच्यासमोर."

वाल्मिकबरोबर पंप पाठवतोय. निवडायला दोन दिवस लागले. टेबलावर तीन मांडले होते. पहिला नवाकोरा, चमकणारा, पण पुली बारीक धारांच्या पट्ट्याची. तुझा पट्टा तिच्यावर नाचला असता. दुसरा भंगारातला. बसला असता, पण त्याचा दांडा हलवून पाहिला तर म्हाताऱ्याच्या दातासारखा हलला. तिसरा तुझ्या चित्रावर ठेवला. बोल्टाची भोकं तुझ्या भोकांवर अशी बसली की मी दुकानातच टाळी वाजवली. तो नवा आहे, दिसायला काळासावळा, पण पाईपाचं तोंड बरोब्बर इंजिनाकडे. सोबत लाल तेल आहे आणि डब्याकडून पंपाकडे येणाऱ्या पाईपाची नवी क्लिप आहे. त्या जुन्या क्लिपमधूनच हवा शिरत होती, मी पैजेवर सांगतो.

आधी डबा आणि पाईप धुऊन घे. जळकं तेल आत राहिलं तर नवा पंपही जुन्यासारखा बोलायला लागेल. पुढची चाकं उचल, खाली भक्कम टेकू दे, नुसत्या जॅकवर भरवसा नको. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. तेल खाली गेलं की भर. मग इंजिन चालू करून पुन्हा तेच. टोकाला नेऊन दाबून धरू नको, पंपाचा जीव जातो.

आणि जुना पंप परत पाठव. हा आपल्या दुकानाचा कायदा आहे. नवा नेला की जुना मामूच्या टेबलावर आला पाहिजे. मी तो खोलून बघतो, तो का गेला ते कळल्याशिवाय मला जेवण जात नाही.

तुझा,
मामू

ता. क. वाल्मिक पंप न्यायला आला होता. मी तो ट्रेवर ठेवला. ट्रे रिकामे असतात असं तूच लिहिलं होतंस.


कोल्हार
६ फेब्रुवारी

प्रिय मामू,

सलाम, सलाम आणि पुन्हा सलाम!

आधी वाल्मिकचा निरोप, त्याच्याच शब्दांत. "मामूला सांग, तो एकच ट्रे भरलेला हुता. नगरच्या हाटेलवाल्यानं लहान अंडी मनून परत केलती. आता ती लहान बी न्हाईत आन मोठी बी न्हाईत." पंपाला काही झालेले नाही. धुऊन घेतला.

आता ऐका. मामू, गाडी गप्प झाली!

मी सगळे सांगितल्याप्रमाणे केले. डबा धुतला, पाईप धुतले, क्लिप आवळली, चाके उचलली. अम्मी स्टेअरिंग फिरवत होती आणि मी डब्यात डोळे घालून बुडबुडे बघत होतो. बुडबुडे कमी झाले, मग बारीक झाले, मग एकच आला आणि बराच वेळ दुसरा आलाच नाही. मी अम्मीला म्हणालो, "थांब, हा शेवटचा होता." अम्मी म्हणाली, "मग आता गाडी चालू कर की, का त्याचा फातिहा वाचतोस?"

चालू केली. वळवली. काहीच नाही! मी खिडकीतून डोके बाहेर काढून ऐकले. आमच्या कोंबडीच्या नखांचा आवाज आला, गाडीचा नाही. स्टेअरिंग एका बोटाने फिरते. कोणत्या बोटाने, तर करंगळीने. मी सहादूबाबांना लोणीला नेले. ते गेली पाच वर्षे दर आठवड्याला दवाखान्यात जातात. उतरताना म्हणाले, "आज गाडी बदलली व्हय रं?"

मग मी चिंचेच्या वळणावरून गेलो. अगदी सावकाश, लोण्यातून सुरी जावी तसा. पाटी वाचत गेलो. "हॉर्न वाजवू नये." आता माझी गाडी पाटीपेक्षाही शहाणी झाली आहे. अझहर टपरीवर पाठमोरा उभा होता, त्याला मी मागून गेलो हे कळलेसुद्धा नाही. मला इतके हसू आले की पुलावर जाऊन गाडी थांबवली आणि प्रवरेकडे बघत एकटाच हसून घेतले.

जुना पंप वाल्मिककडे दिला आहे, पोत्यात बांधून. या वेळी त्याने तो स्वतःच्या पायाशी ठेवला.

तुमचे उपकार कसे फेडू?

तुमचा,
तौफिक

ता. क. कैनात आज गॅलरीत आली नाही. सकाळी नाही आणि दुपारीही नाही. सर्दी झाली असावी. हवा बदलते आहे.


कोल्हार
१४ फेब्रुवारी

प्रिय मामू,

सलाम. तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहितो आहे, माफ करा.

ती येत नाही. त्या दिवसापासून एकदाही गॅलरीत आलेली नाही. सर्दी नाही. क्लास चालू आहे, खालून पाढ्यांचा आवाज ऐकू येतो. म्हणजे फळाही पुसला जातच असणार. पण डस्टर झटकायला ती बाहेर येत नाही. मी वेळ बदलून पाहिली. सकाळी लवकर गेलो, उशिरा गेलो. काल तर सहादूबाबांना दवाखान्यात पोहोचवून, काहीतरी विसरलो असे सांगून रिकामाच परत येऊन वळलो. सहादूबाबा म्हणाले होते, "काय इसरला?" मी गाडी चालू केली.

अर्थ सरळ आहे. घरात माझा विषय निघाला असेल, उत्तर ठरले असेल आणि ते "नको" असेल. नाही म्हणायचे ठरवल्यावर चांगल्या घरची मुलगी गॅलरीत येत नाही. मला राग नाही. तिने स्क्रूड्रायव्हरची गोष्ट ऐकली असेल. किंवा दहावीची.

आणखी एक. परवा तिची अम्मी आमच्याकडे आली होती. चेहरा जरा उतरलेला. चहा घेतला आणि जाताना माझ्या अम्मीला विचारले, "तौफिक हल्ली लांबच्या रस्त्याने जातो का हो? आमच्या बाजूने येणं सोडलं त्याने?" हा टोमणा आहे ना, मामू? म्हणजे त्यांची इच्छा आहे की मी लांबच्या रस्त्याने जावे. अझहरही टपरीवर म्हणाला, "काय राव, गायबच झालास. पटत नव्हतं तर तोंडानं सांगायचं." मला काहीच समजले नाही. मी रोज त्याच्या मागून जातो.

उद्यापासून लांबच्या रस्त्याने जायचे ठरवले आहे. डिझेल जास्त जाईल, पण कुणाला नकोसे होणे बरे नव्हे.

गाडी उत्तम चालते आहे. आवाज अजिबात नाही. तेल लालभडक आहे. त्याचे आता काय करू?

तुमचा,
तौफिक


नगर
१७ फेब्रुवारी

तौफिक,

थांब! लांबच्या रस्त्याला गाडी घातलीस तर मी स्वतः कोल्हारला येऊन तुझा पंप काढून नेईन.

मामी शेजारी बसली आहे आणि डोळे पुसून पुसून हसते आहे. तिला म्हटलं, हस, पण मला नीट लिहू दे, पोरगा घाबरट आहे.

दुकानाचा दुसरा कायदा तुला सांगायचा राहिला. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "मामू, काल तुम्ही अमुक बदललंत आणि आजपासून तमुक बिघडलं." अशा वेळी सगळी गाडी खोलायची नाही. जे शेवटी बदललं, तिथेच आधी बघायचं. आता तुझी केस घे. ती रोज गॅलरीत येत होती, जाताना आणि येताना, तू वळलास की बरोब्बर. एका दिवसापासून यायची बंद झाली. त्या दिवशी काय बदललं होतं? तिचं मन? तुझी दहावी? ती तर आधीपासूनच नापास आहे. बदलला तो फक्त पंप.

अरे वेड्या, ती क्लास घेते तेव्हा तिची पाठ रस्त्याकडे असणार! तू आलास हे तिला कळायचं कशानं? तू वर बघत नाहीस, हॉर्न वाजवत नाहीस, दारात उभा राहत नाहीस. तुझा म्हणून एकच आवाज त्या घरात जात होता आणि तो आपण दोघांनी मिळून काढून टाकला. चिंचेखालून रोज कितीतरी गाड्या जातात, पण कुंई करणारी एकच होती. फळा काय एवढा पुसायचा असतो?

तिची अम्मी टोमणा मारत नव्हती. ती खरंच विचारत होती. त्या घराला वाटतंय, तुम्हीच माघार घेतली. स्थळ नेलं आणि मुलगा त्या रस्त्याने यायचाच बंद झाला! तिच्या जागी बसून ऐक जरा. रोज कान देऊन बसायचं आणि रोज काहीच नाही.

तर आता. जुना पंप परत पाठवतोय. तुझ्या पोत्यातून निघाला तेव्हाच खोलला होता. आतली पाती झिजली आहेत, गाणं तिथून येतं. सील सगळे नवे घातले, म्हणजे गळणार नाही आणि हवाही ओढणार नाही. पाती मात्र तीच ठेवली. टेबलावर फिरवून चावून पाहिला, काम बरोबर करतो आणि गातोही. नवा काढ, हा लाव. तेल तेच लाल. हवा काढायची पद्धत तीच. गोरक्षनाथने कारण विचारलं तर सांगू नको, त्याला समजणार नाही.

चाळीस वर्षं मी लोकांच्या गाड्यांतून आवाज काढत आलो. एखाद्याला आवाज परत पाठवायची ही पहिलीच वेळ आहे. रमजान जवळ आला. पळ.

मामू


कोल्हार
२४ फेब्रुवारी

प्रिय मामू,

सलाम. हे पत्र मी उभ्याने लिहितो आहे, कारण बसवत नाही. अक्षर वाकडे आले तर समजून घ्यावे.

पंप मिळाला. मला तुमचे पटले नव्हते, हे आधी सांगतो. मला वाटले, तुम्ही मला बरे वाटावे म्हणून लिहिता. चांगला पंप काढून झिजलेला बसवताना हात पुढे जाईना. अम्मी म्हणाली, "तुझ्या मामूने आजवर एकाही गाडीचं चुकीचं सांगितलेलं नाही." मी म्हणालो, "ही गाडीची गोष्ट नाही." ती म्हणाली, "त्याला कुठे माहीत आहे? त्याने गाडी समजूनच सांगितलं असेल. लाव."

काल लावला. गोरक्षनाथने बघितलेच. "आरं, चांगला काढून वाईट का लावायलास?" मी म्हणालो, "मामूने सांगितलं." तो म्हणाला, "मामू म्हातारा झाला."

आज सकाळी निघालो. सहादूबाबा पुढे बसले होते. चिंच आली. मी गाडी हळू केली, पण वळवायचा धीर होईना. मागे दुधाची गाडी येऊन थांबली आणि हॉर्न वाजवायला लागली. पाटी असताना! सहादूबाबा म्हणाले, "वळव की लेका, का मला हितंच मारतो?"

मी वळवले.

कुंऽऽई.

मामू, इतका मोठा आवाज तिने पूर्वी कधीच काढला नव्हता. गॅलरीच्या आत पाढे चालू होते, ते मध्येच तुटले आणि सगळ्या पोरांनी एका सुरात "कुंईईई!" केले. म्हणजे पोरांना माहीत होते! सगळ्या वर्गाला माहीत होते! मी एकटाच फळा पुसला जातो असे समजत होतो. मग हशा झाला आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि ती गॅलरीत धावत आली. हातात डस्टर होता, पण झटकायचे विसरली. तो हातातून सुटला आणि थेट माझ्या बॉनेटवर पडला. सगळ्या काचेवर खडूची पांढरी धूळ. मला समोरचे काहीच दिसेना, म्हणून मी पहिल्यांदा वर बघितले.

ती म्हणाली, "इतके दिवस कुठे होता तुम्ही?"

सगळ्यांदेखत, मामू. पोरांदेखत, दूधवाल्यादेखत, सहादूबाबांदेखत. खालच्या ओट्यावर तिचे अब्बा वर्तमानपत्र वाचत बसले होते, त्यांच्यादेखत.

मी म्हणालो, "इथेच होतो. रोज दोनदा जात होतो. पंप बदलला होता."

ती म्हणाली, "पंप?"

मी म्हणालो, "पावर स्टेअरिंगचा. तुम्हाला आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून."

तिने दोन्ही हात कपाळाला लावले आणि हसायला लागली. हसता हसता खाली बसली. मग गॅलरीच्या गजांतून नुसता आवाज आला, "अहो, मला कुणी विचारलं होतं का त्रास होतो म्हणून?"

अझहर आतून बनियनवर आला. त्याने काचेवरची धूळ बघितली, मला बघितले, वर बहिणीला बघितले. म्हणाला, "मंजे तू रोज जात हुतास? गप जात हुतास? आन मी हिकडं रोज अब्बांना सांगतोय, तो तौफ्या लई मोठा झाला, त्याला आता आपली गल्ली नको!"

अब्बांनी वर्तमानपत्राची घडी केली. ते गाडीजवळ आले. मी खाली उतरून सलाम केला, या वेळी तोंडात काही नव्हते. ते म्हणाले, "उत्तर शुक्रवारी सांगायला येणार होतो. आता वेगळं यायला हवं का?" मी म्हणालो, "जशी तुमची इच्छा." ते वर बघून म्हणाले, "माझ्या इच्छेला इथे कोण विचारतंय?" आणि हसले. मग म्हणाले, "दहावीचं काय ते तिच्याकडून पूर्ण करून घे. गणितातच अडकलास ना?"

गणितातच अडकलो होतो, मामू!

सहादूबाबांना दवाखान्यात पोहोचायला उशीर झाला. डॉक्टरांनी कारण विचारले तेव्हा त्यांनी सगळा प्रकार सांगितला, आवाजासकट. त्यांचा रक्तदाब दोनदा मोजावा लागला.

निकाह ईदनंतर. तुम्ही आला नाहीत तर मी निकाहला बसणारच नाही.

तुमचा,
तौफिक

ता. क. नवा पंप कापडात गुंडाळून कपाटात ठेवला आहे. कैनातचा निरोप आला आहे की तो इतक्यात लावायचा नाही. आता गाडीच्या बाबतीत तुमचे ऐकावे की तिचे, कृपया कळवावे.


नगर
१६ एप्रिल

तौफिक आणि कैनात,

दोघांना खूप दुवा. सुखरूप पोहोचलो. वाल्मिकच्या टेम्पोत मामी पुढे बसली आणि मी ट्रेजवळ. या वेळी एकही अंडं फुटलं नाही, हे शरिफाला सांगा.

तौफिक, तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. ते मी निकाहच्या दिवशीच द्यायचं ठरवलं होतं, पण गर्दीत बोलता आलं नाही. बिदाईची वेळ झाली, सगळे वळणावर जमले आणि अझहर मला काहीतरी सांगत होता. त्याचे ओठ हलताना दिसत होते, बाकी काही नाही. मी खुणेने विचारलं, पंप कसा गातो? लोक हसले. बहिऱ्या माणसाने आवाज मागावा, हसणारच.

मग कैनात बेटी, तू जे केलंस ते नगरला येऊन मी प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतोय. लाल शालू, हातभर मेंदी, आणि तू नवऱ्याला बाजूला सारून स्वतः स्टेअरिंगवर जाऊन बसलीस. तौफिकने बॉनेट उघडलं. वाल्मिकने त्याच्या टेम्पोतला लांब स्क्रूड्रायव्हर आणून दिला. मी नव्या शेरवानीची बाही वर केली, टोक पंपाला लावलं आणि मूठ दातात धरली. तू इंजिन चालू करून स्टेअरिंग फिरवलंस, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. टोकाला दाबून धरलं नाहीस. कुणी शिकवलं तुला? या पोरानेच शिकवलं असणार.

आणि मी ऐकलं. दातातून, जबड्यातून, पार डोक्यात. कुंऽऽई. आधी ऱ्हस्व, मग दीर्घ. पोराने अगदी बरोबर लिहिलं होतं.

नंतर तुम्ही निघालात. तुमचं घर दोन गल्ल्या पलीकडे, पण पुलावरून वळसा घालून गेलात, ते बरं केलंत. नवरी आता रडेल, मग रडेल, म्हणून सगळ्या बायका रुमाल काढून उभ्या होत्या आणि तू खिदळत होतीस. गाडी वळली तेव्हा मला काही ऐकू आलं नाही, पण मी अझहरकडे बघत होतो. गाडीने तोंड उघडलं असणार, कारण त्याच क्षणी तो खांबाला धरून ढसाढसा रडायला लागला. नवरीच्या वाटणीचं गाडी रडली आणि गाडीच्या मागून तो.

तर उत्तर लिहितो. चाळीस वर्षांच्या अनुभवाने आणि सगळे दात शाबूत ठेवून सांगतो. आवाज खराब आहे. पाती गेली आहेत. पंप बदलायलाच हवा.

घाई नाही.

तुमचा,
महमूद मामू